दाबाखालची कंदीलपुष्पं

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह जगभरचे वनस्पतिशास्त्रज्ञ ‘एसयूके’ या तीन अक्षरांनी ओळखतात. शोधनिबंधात नमुन्याच्या क्रमांकासोबत ही अक्षरं आली, की ती वनस्पती इथल्या कपाटात आहे असं समजायचं. ज्याला शंका असेल त्याने यावं, नमुना चिकटवलेली शीट उघडून पडताळावं.

प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इथे कंदीलपुष्पांवर, म्हणजे सेरोपेजियावर, वर्षानुवर्षं काम केलं. पावसाळ्यात उगवणाऱ्या या वनस्पतींच्या कित्येक जाती दुर्मीळ आहेत. म्हणून मोजकीच रोपं दिसली तर फुलासकट एखादी डहाळी घ्यायची, कंदाला हात लावायचा नाही. नमुन्यापायी जातच संपली तर तो संग्रह काय कामाचा?

डहाळी वर्तमानपत्राच्या घडीत पसरतात. एखादं पान मुद्दाम उलटं ठेवतात, पाठीवरची लव दिसावी म्हणून. वरखाली टिपकागद घालून दाब देणाऱ्या प्रेसचे पट्टे करकचून आवळतात. सुरुवातीला कागद रोज बदलावा लागतो. आषाढातल्या दमट हवेत हयगय झाली, की पानं काळवंडतात, बुरशी धरते.

फुलाची गोष्ट वेगळी. त्याच्या नळीत खाली झुकलेले केस असतात. आत उतरलेली चिमुकली माशी केस सुकेपर्यंत अडकून पडते आणि सुटताना परागपिंड घेऊन जाते. ही सगळी रचना दाबाखाली चपटी होते. म्हणून काही फुलं स्पिरिटच्या बाटलीत ठेवतात, एखादं उभं चिरून दाबतात.

तरीही रंग उडतो, वास जातो. मूळ रोप कातळावर होतं की झुडपांच्या सावलीत, हे वाळलेली डहाळी सांगत नाही. ते तिथेच, झाडासमोर उभं राहून वहीत टिपायचं आणि मग लेबलावर उतरवायचं. ठिकाण, तारीख, उंची, फुलाचा रंग. माझ्या मते शीटचा जीव या लेबलात आहे. ते नसेल तर सुंदर वाळलेली डहाळीही अभ्यासाला जवळजवळ निरुपयोगी.

एकाच जातीच्या पाच-सहा शीट टेबलावर शेजारी मांडल्या, की कुठे पान अरुंद, कुठे रुंद दिसतं. पुस्तकातल्या एका चित्रावरून विद्यार्थ्याला हे कळणं अवघड आहे.

पुढे कुणाला ओळख चुकलेली वाटली, तर जुनं नाव खोडत नाहीत. आपलं नाव आणि तारीख घालून नवी चिठ्ठी शेजारी चिकटवतात. काही शीटवर अशा दोन-तीन चिठ्ठ्या असतात. नव्या विद्यार्थ्यांनी आधी त्याच वाचाव्यात.