सावलीतला चहा आणि सातपुड्याचा खैर

शहाद्याच्या एका शेतकरी वाचकाने विचारलं आहे : 'शेडनेट आहे, ठिबक आहे. माचा चहाच्या भावाबद्दल खूप ऐकतो. आपल्याकडे होईल का?' होणार नाही. चहाला साडेचार ते साडेपाच सामूची आम्लधर्मी जमीन लागते आणि दमट हवा लागते. तापीकाठच्या काळ्या मातीचा सामू सातच्या वर असतो, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. जाळी ऊन अडवेल, जमीन बदलणार नाही. पण माचा म्हणजे सावलीत वाढवलेल्या चहाच्या पानांची पूड, आणि सावलीने पानात नेमकं काय घडतं, हे मात्र जाळीखाली पीक घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावं इतकं सुंदर आहे.

जपानमध्ये क्योतोजवळ उजी नावाचा चहाचा जुना मुलूख आहे. तिथे वसंतातल्या हिमापासून कोवळे शेंडे वाचवायला झुडपांवर बोरू आणि भाताचा पेंढा पसरत. पानं वाचली, आणि त्यांचा चहा तुरटपणा सोडून गोडसर झाला. जुवांव रॉड्रिग्ज या पोर्तुगीज पाद्र्याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच या आच्छादलेल्या मळ्यांचं वर्णन करून ठेवलं आहे. आज पेंढ्याच्या जागी बहुतेक ठिकाणी काळी जाळी आली. आपल्याकडची नेहमीची शेडनेट पन्नास किंवा पंचाहत्तर टक्के ऊन अडवते. माचाच्या मळ्यात खुडणीआधी तीन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस सावली वाढवत नेतात, ती नव्वद टक्क्यांच्याही पुढे.

उजेड तुटला की पान पातळ होतं आणि हरितद्रव्य वाढवून हाती येईल तेवढा प्रकाश धरू पाहतं. त्यातून तो गर्द हिरवा रंग येतो. चवीची गोष्ट मुळांपासून सुरू होते. चहाच्या मुळांत थिॲनिन नावाचं अमिनो आम्ल तयार होतं आणि वर पानांत चढतं. भर उन्हात ते मोडतं, आणि त्याचा काही भाग तुरट कॅटेचिनं घडवण्यात खर्ची पडतो. सावलीत हे मोडणं मंदावतं. थिॲनिन शिल्लक राहतं, कॅटेचिनं कमी बनतात. खुडलेल्या पानांना लगेच काही सेकंद वाफ देतात, म्हणजे ती काळवंडत नाहीत. मग न वळता वाळवून, देठ-शिरा काढून दगडी जात्यात दळतात. एका जात्यातून तासाला जेमतेम चाळीस ग्रॅम पूड पडते. घाई केली तर दगड तापतो आणि सुगंध जातो.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहावासा वाटला, त्या जपानी संशोधक मिचियो त्सुजिमुरा. जन्म १८८८. १९२० मध्ये त्या होक्काइदोच्या विद्यापीठात संशोधनाला गेल्या, तेव्हा तिथे मुलींना प्रवेशच नव्हता. त्यांनी प्रयोगशाळेत बिनपगारी मदतनीस म्हणून काम धरलं. पुढे तोक्योला आल्या, तर १९२३ च्या महाभूकंपात प्रयोगशाळाच उद्ध्वस्त झाली. मग उमेतारो सुझुकींच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली. १९२४ मध्ये त्यांनी सेइतारो मिउरांसोबत हिरव्या चहात क जीवनसत्त्व दाखवलं, १९२९ मध्ये चहातून कॅटेचिन वेगळं केलं आणि १९३२ मध्ये कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणाऱ्या जपानच्या पहिल्या महिला ठरल्या. ग्रीन टीच्या प्रत्येक पाकिटावर कॅटेचिनचा डंका असतो. त्सुजिमुरांचं नाव मला एकावरही दिसलेलं नाही, आणि हे मला मनापासून खटकतं.

कॅटेचिनची ओळख रसायनशास्त्राला त्याआधीच, एकोणिसाव्या शतकात झाली होती, ती आपल्या कातामुळे. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून, पाणी आटवून, थंड करून जो कात मिळतो, त्यात कॅटेचिन भरपूर असतं. नवापूर, अक्कलकुव्याच्या रानात हा खैर वाढतो, चोरट्या तोडीलाही बळी पडतो. म्हणजे ज्या कुळातल्या रेणूंसाठी लोक दूरदेशीची महाग पूड मागवतात, त्यांचा एक जुना साठा सातपुड्यात उभा आहे.

म्हणून कात खावा असं मी मुळीच सुचवत नाही. नुसत्या कॅटेचिनने तब्येत सुधारत असती, तर पानाचा तोबरा भरणारा माणूस सर्वांत निरोगी ठरला असता. प्रत्यक्षात सुपारी आणि तंबाखू त्याला कर्करोगाकडे नेतात. पदार्थात एखादा रेणू सापडणं वेगळं, आणि त्याचा शरीराला लाभ होणं वेगळं.

माचाच्या जाहिरातीत कॅटेचिनसाठी '१३७ पट' हा आकडा फिरतो. तो २००३ मधल्या अमेरिकेतल्या एका रासायनिक मापनातला आहे, आणि तुलना होती फक्त एका कंपनीच्या हिरव्या चहाशी. शिवाय सावली तर कॅटेचिनं घटवते! माचात ती जास्त मिळतात, ती मुख्यतः आपण पूर्ण पान पोटात घेतो म्हणून. जपानमध्ये चाळीस हजारांवर प्रौढांच्या पाहणीत (२००६) हिरवा चहा जास्त पिणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताने मृत्यू कमी आढळले, कर्करोगाने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले नाहीत. तो चहाही साधा होता, आणि अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही. उलट हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांबद्दल युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये इशारा दिला : त्यातलं मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त घेतल्यास यकृताला इजेची चिन्हं दिसू शकतात.

तेव्हा माचा आवडला तर चवीसाठी प्यावा, गोळ्यांच्या नादी लागू नये. आणि एक गोष्ट घरोघरी सांगावी. चहा हिरवा असो की आपला दुधाचा, जेवणाला लागून घेतला तर भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला तो अडथळा करतो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथे रक्तक्षयाने बायका-मुलं खचतात, तिथे जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.