बिननावी पाइप

चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, जुनी कुलपं आणि झाकण गेलेले कॅमेरे यांच्या ढिगात तो पडला होता. लाकडी पाइप, सरळ दांडीचा, तळहातात मावेल एवढा. रंग मातकट तपकिरी, मुखनळीवर शेवाळी पुटं, दांडीवर चांदीची एक बारीक कडी. दुकानदार म्हणाला, “इंग्लिश माल आहे साहेब.” नाव विचारलं तेव्हा त्याने पाइप उलटासुलटा करून पाहिला आणि मान हलवली. नाव कुठेच नव्हतं. मी तो घेतला तो त्यामुळेच.

मी स्वतः तंबाखू ओढत नाही, आणि कुणी ओढावी असंही मला वाटत नाही. पण एका झुडपाच्या गाठीतून दीडशे वर्षं माणसांनी जे कोरून काढलं, त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. बिननावी पाइप कुणी घडवला आणि तो कुठल्या दर्जाचा, हे ओळखणं म्हणजे त्या कामाची उलटी वाट चालणं. कारखान्यात ठसा जवळजवळ शेवटी बसतो. आपल्याला तो ठसा सोडून मागे जायचं असतं: पॉलिशकडून कानशीकडे, कानशीकडून गिरमिटाकडे, गिरमिटाकडून लाकडाकडे.

लाकडाचं नाव ब्रायर. भूमध्य समुद्राच्या काठाने, कोर्सिका, इटली, ग्रीस, अल्जीरिया या भागांत, एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप उगवतं. त्याचं मूळ आणि खोड जिथे मिळतात तिथे एक गाठ वाढते. ती पाइपाच्या कामाची व्हायला काही दशकं लागतात. गाठ घट्ट असते, आच सोसते, सहजी पेट घेत नाही. ती कापून ठोकळे करायचे, चीक निघून जाईपर्यंत पाण्यात तासन्‌तास उकळायचे आणि मग महिनोन्‌महिने, चांगल्या कारखान्यात वर्षानुवर्षं, सुकवायचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधल्या ज्युरा पर्वतातल्या सेंट क्लॉद या गावाने हे लाकूड हाती घेतलं. लाकडी कातकामात ते गाव आधीपासूनच मुरलेलं होतं. तोवर युरोप मातीचे पाइप ओढत होता, आणि पैसेवाले तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरच्या पांढऱ्या, मऊ मीरशॉम दगडाचे. ब्रायरने काही दशकांत दोघांनाही मागे सारलं.

ओळखीची पहिली अडचण इथूनच सुरू होते. लंडनच्या अनेक नामांकित पेढ्या सेंट क्लॉदहून कातलेल्या वाट्या मागवत आणि त्यांना आपल्याकडे नळी, रंग नि ठसा देत. (तंबाखू भरायच्या खोलगट भागाला मी वाटी म्हणतो.) फ्रान्स्वा कोमॉय यांचं घराणं 1825पासून सेंट क्लॉदमध्ये पाइप बनवत होतं. 1879मध्ये त्याच घराण्यातले हेन्री कोमॉय लंडनला गेले आणि तिथे कारखाना उभा राहिला. तेव्हा ‘हा इंग्लिश की फ्रेंच?’ या प्रश्नाला कित्येकदा ‘दोन्ही’ हेच खरं उत्तर असतं. शिवाय मोठे कारखाने तंबाखूच्या दुकानांसाठी दुकानाच्या नावाने माल काढत, आणि किरकोळ दोषांचा माल दुसऱ्याच नावाने किंवा नावाशिवाय टोपलीतून विकत. बिननावी पाइप म्हणजे हलका पाइप असं त्यामुळे धरून चालत नाही.

घरी आल्यावर मी आधी दिवे मालवले आणि टॉर्च दांडीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. समोरून प्रकाश पडला की झिजलेला ठसा दिसत नाही. आडव्या उजेडात मात्र अर्ध्या केसाएवढा खड्डाही सावली टाकतो. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. पण अंगठा फिरवल्यावर डावी बाजू किंचित सपाट लागली. दांडी गोल आहे, आणि एका बाजूला ती गोल राहिलेली नाही. इथे कुणीतरी पॉलिश पेपर किंवा बफ जोरात चालवला होता. म्हणजे हा पाइप जन्मापासून बिननावी नव्हता, त्याचं नाव नंतर गेलं. चकाकी आणायच्या भरात पाइपाचं इतकं मोठं नुकसान होतं, हे पाहून फार वाईट वाटतं. जुना पाइप स्वच्छ करणाऱ्याने दांडीच्या त्या दोन बाजूंना काचपेपर लावूच नये.

मग नळी. ती काळी होती, आता शेवाळी-तपकिरी झालेली. ओल्या फडक्याने चोळली तर गंधकाचा वास आला. म्हणजे एबोनाइट, गंधक घालून तापवून कडक केलेलं रबर. जुनी एबोनाइटची फाउंटन पेनं ज्यांनी वापरली त्यांना हा वास ओळखीचा असेल. ऊन आणि थुंकी लागून ते असंच विटतं; नंतरच्या काळातल्या अ‍ॅक्रिलिकच्या नळ्या विटत नाहीत. दातांत धरायच्या टोकाला भोक कसं आहे हे त्याहून बोलकं असतं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपर्यंतच्या बहुतेक नळ्यांना तिथे टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक असे. पुढे आडवी चीर आली, धूर जिभेवर एका जागी न आदळता पसरावा म्हणून. माझ्या पाइपाला चीर होती, अगदी नेटकी, दोन्ही कोपरे सारखे रुंदावलेले. अशी चीर यंत्र एका फटक्यात पाडत नाही. कुणीतरी बारीक कानशीने ती घासून काढली होती.

पण नळी मूळचीच कशावरून? नळ्या चावून चावून खराब होतात, बदलल्या जातात. दांडी आणि नळी जुळतात तिथे नख फिरवलं. नख कुठे अडलं नाही. कारखान्यात दोन्ही भाग एकत्र बसवून मग एकत्रच घासतात, त्यामुळे सांधा असा सलग येतो. नंतर आणून बसवलेली नळी सहसा एखाद्या बाजूला केसभर जाड किंवा बारीक राहते.

नळीवर खूणही नव्हती, आणि या धंद्यात खुणेचं महत्त्व मोठं. आल्फ्रेड डनहिल यांनी 1907 साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचं दुकान थाटलं आणि 1910मध्ये स्वतःचे पाइप बनवायला सुरुवात केली. त्यांच्या सरळ नळ्या इतक्या सममित असत की वरची बाजू कुठली हे गिऱ्हाइकाला कळेना. म्हणून 1912 साली वरच्या बाजूला एक पांढरा ठिपका बसवला, आणि तोच पुढे घराण्याची ओळख झाला. डनहिलकडून बाहेर पडलेल्या जोएल सासिएनी यांनी 1919मध्ये आपली पेढी काढली. त्यांच्या नळीवर आधी एक आणि पुढे चार ठिपके आले. कोमॉयच्या नळीवर इंग्रजी ‘सी’ असे. जुन्या चांगल्या नळ्यांत तो छापलेला नसून भोकं पाडून, एकात एक तुकडे बसवून घडवलेला असे. अमेरिकेतल्या केवूडीच्या नळीवर तिपानी, आणि दांडीत पेचाने बसणारी धातूची भोकाभोकांची गोळी. त्या गोळीवरून केवूडी नावाशिवायही ओळखता येतो. डब्लिनच्या पीटरसनच्या नळीला धुराचं भोक टोकाला नसून टाळूकडे वर उघडतं. या रचनेचं पेटंट 1898चं. असा पाइप हाती आला तर ठशावाचून अडत नाही.

माझ्या पाइपात असं काहीच नव्हतं. पाइप पुसायची तार नळीतून घातली, ती कुठेही न अडता वाटीत निघाली, आणि बरोबर तळाच्या मध्यावर. सांगायला ही गोष्ट साधी वाटते. वाटीचं भोक वरून पडतं, धुराचं भोक दांडीतून आडवं पडतं, आणि कारागिराला दोघांची गाठ लाकडाच्या पोटात, डोळ्यांआड घालायची असते. हलक्या मालात धुराचं भोक तळाच्या वर राहतं किंवा एका कडेला सरकतं. मग खालची तंबाखू ओलीच राहते, आणि गुरगुर आवाज येतो. भोकाची जागा बफने पुसता येत नाही. घडवणाऱ्याबद्दल माझं मत खरं तर इथेच ठरलं.

आता दर्जा. उसाचं कांडं आडवं कापलं तर कापावर ठिपके दिसतात आणि उभं चिरलं तर रेषा. ब्रायरचंही तसंच आहे. तंतू गाठीच्या गाभ्याकडून सालीकडे जातात. ठोकळा नीट निवडून वाटी कातली तर सगळीकडून उभ्या रेषा धावतात आणि वरच्या कडेवर ‘पक्ष्याचे डोळे’ उमटतात. अशी चारही बाजूंनी सरळ रेषांची, डाग नसलेली वाटी क्वचित निघते, कारण गाठ वाढताना तिच्या पोटात वाळू, खडे, पोकळ्या अडकतात आणि कातताना त्या केव्हा उघड्या पडतील हे कुणालाच ठाऊक नसतं. अर्धं काम झाल्यावर ऐन दर्शनी बाजूला खड्डा निघतो. दर्जाची उतरंड याच नशिबावर उभी आहे. चॅराटन पेढीच्या ठशांत ‘बेल्व्हेडेर’, ‘एक्झिक्युटिव्ह’, ‘सिलेक्टेड’, ‘सुप्रीम’ अशी चढती नावं आहेत, डनहिलच्या सरळ रेषांच्या पाइपांवर ‘डीआर’. खड्डे असलेल्या पण मजबूत वाटीवर वाळूचा फवारा मारून तिचा पृष्ठभाग खडबडीत करायची पद्धतही होती. डनहिलने ‘शेल’ या नावाने ती 1917 साली आणली. मऊ भाग उडून जातो, कठीण वळ्या उरतात. त्या जुन्या शेल पाइपांवरच्या खोल कपाऱ्या पाहिल्या की वाटतं, दोष झाकायला निघालेला माणूस एका वेगळ्याच सौंदर्यापाशी पोहोचला.

आणि तिसरा उपाय लांबी भरणे. रंगारी भिंतीच्या भेगेत भरतात तशीच, फक्त लालसर. वर गडद रंग दिला की ती लपते. कापसाला थोडं स्पिरिट लावून मी दांडीचा तळ हलकेच पुसला. आजूबाजूचा रंग उतरला आणि ज्वारीच्या दाण्याएवढा एक गुलाबी ठिपका तसाच राहिला. बाकी वाटीवर दोन्ही बाजूंना सुरेख रेषा, पुढे थोड्या वाकड्या. लाकूड चांगलं, काम पहिल्या प्रतीचं, पण दांडीखाली एक लांबी.

कडी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती, कारण ती फार लवकर भुलवते. भिंगाखाली तिच्यावर सिंह, जहाजाचा नांगर आणि एक अक्षर दिसलं: सिंह म्हणजे इंग्लंडची स्टर्लिंग चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅमची कसोटी, अक्षर म्हणजे वर्ष. तक्त्याशी ताडलं तर ते पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकातलं निघालं. शेजारी कडी घडवणाऱ्याची आद्याक्षरं असतात. बार्लिंग घराण्याचं मूळ चांदीकामातलं, त्यांच्या कड्यांवर ‘ईबी’ आणि ‘डब्ल्यूबी’ सापडतं. ‘के’ आणि ‘पी’ असतील तर डब्लिनचे कॅप आणि पीटरसन. माझ्या कडीवरची आद्याक्षरं झिजून सपाट झाली होती. मी ती गरम फडक्यात धरून हळूहळू फिरवत सोडवली.

खाली दांडीला केसासारखा बारीक तडा होता. म्हणजे कडी शोभेची नसून दुरुस्तीची होती. चांदीवरचं वर्ष कडीचं, पाइपाचं नव्हे. पाइप त्याच सुमाराचा किंवा थोडा आधीचा, एवढंच त्यावरून धरता येतं. आणि कडीखाली, ना ऊन ना हात लागलेली, लाकडाची एक पट्टी होती. तिचा रंग गडद लाल होता. सगळा पाइप कधीकाळी याच रंगाचा होता.

गडद लाल हा डनहिलच्या ‘ब्रुयेर’ या प्रकाराचा प्रसिद्ध रंग. क्षणभर मन तिकडे धावलं, हे कबूल करतो. भोक मध्यावर, चीर हाताने घासलेली, काळ जुळणारा. पण लाल रंग तेव्हा कित्येक पेढ्या देत होत्या. नळी मूळची आहे आणि तिच्यावर ठिपका नाही. लांबी भरलेला पाइप डनहिलने पहिल्या प्रतीत काढला नसता. अशा नापास वाट्यांसाठीच त्यांनी 1922 साली पार्कर ही वेगळी कंपनी काढली. हा पार्करचा असेल का? असू शकेल. कोमॉयच्या दुय्यम नावांपैकी एखाद्याचाही असू शकेल. सपाट झालेल्या त्या बाजूवर जे लिहिलेलं होतं ते आता कुणालाही वाचता येणार नाही, आणि नुसत्या शक्यतेवर मोठ्या घराण्याचं नाव चिकटवणं हा, ज्याने खरोखर हा पाइप घडवला त्याच्यावर अन्याय होईल.

लहानशा पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहिलं: ‘सरळ दांडी, बिलियर्ड घाट. ब्रायर, एबोनाइटची मूळ नळी. बहुधा लंडनचं काम, 1920च्या आसपास. मूळ रंग गडद लाल. काम उत्तम, दर्जा दुसरा: दांडीखाली एक लांबी. तडा, चांदीच्या कडीने सांधलेला. ठसा घासून गेलेला. कर्ता अज्ञात.’ मग कडी होती तशी परत सरकवली आणि तिच्याखालची लाल पट्टी न पुसता तशीच झाकून ठेवली.