कड्यापर्यंतची वाट आणि पायांतले बूट

‘पायातली वहाण पायातच बरी’ ही म्हण ज्याने रचली त्याने प्रस्तरारोहण खास केलेले नसावे! कडा चढणाऱ्याच्या पायांत एक जोड असतो आणि दुसरा त्याच्या कमरेला लटकत असतो. चढाईचे बूट बोटे आवळून धरणारे, पातळ व गुळगुळीत रबरी तळाचे. ते घालून बदामीच्या कड्यापर्यंत चालत जाणे म्हणजे शिक्षाच. म्हणून वाटेसाठी निराळे बूट लागतात. परंतु नवखा विद्यार्थी चौकशी करतो ती दोराची आणि चढाईच्या बुटांची. वाटेला मात्र घरातले जुने काहीतरी चालते अशी त्याची समजूत असते.

माझीही तीच होती. कडा सुखरूप चढलो, दोर गुंडाळला आणि उतरताना वाळूभरल्या उतारावर झिजलेल्या कॅनव्हासच्या बुटांनी दगा दिला. पुढे तीन आठवडे वर्गात लंगडत गेलो. कड्यावर सांभाळायला दोर असतो. वाटेवर आपली भिस्त बुटांवरच.

हा धडा याहून फार मोठी किंमत देऊन पूर्वीच शिकला गेला आहे. एके काळी आल्प्समध्ये पायथ्यापर्यंत खिळे ठोकलेले जड बूट वापरीत आणि कड्यावर हलके जोडे चढवीत. १९३५ साली पुंता रासिका या शिखरावर विताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाचे सहा सहकारी खराब हवेत सापडून मृत्यू पावले. पायांतले जोडे त्या हवेला पुरे पडले नव्हते. वाट, कातळ आणि बर्फ या सर्वांवर चालेल असा खाचांचा रबरी तळ ब्रामानींनी त्यानंतर तयार केला. ‘व्हिब्रम’ हे नाव त्यांच्याच नावावरून आले. १९८० नंतरच्या दशकात अधिक चिकट रबर निघाले, ते चालण्याच्या बुटांनाही लागले आणि ‘अ‍ॅप्रोच शू’ ही नवी जात जन्मली.

निवड करताना प्रथम वाट कशी आहे ते पाहावे. सह्याद्रीत मुरूम, ओले गवत आणि शेवाळ. तेथे खोल खाचा मातीत रुततात व आधार देतात. हंपीच्या ग्रॅनाइटवर, म्हणजे आपल्या कन्नड मित्रांच्या ‘बंडें’वर, उलट हिशेब. तेथे रबराचा जितका भाग दगडाला टेकेल तितकी पकड चांगली. खोल खाचांमुळे हा स्पर्शच कमी होतो. म्हणून चांगल्या अ‍ॅप्रोच शूचा तळ अंगठ्याखाली सपाट आणि टाचेकडे खाचांचा असतो. मऊ रबर चांगले धरते, पण लवकर झिजते. पाठीवर दोर व सामानाचे ओझे असेल तर तळ थोडा ताठ हवा. मात्र उतरण्याची वाट दुसरीकडून असेल तर हेच बूट कमरेला बांधून वर न्यावे लागतात. तेव्हा फार जड नकोत.

खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. नेहमीचे मोजे घालून दुकानाच्या पायऱ्या उतरून पाहावे. अंगठा पुढे आपटला तर तो बूट आपला नव्हे. चढाईचा बूट घट्ट हवा म्हणून हाही घट्ट घेणे ही नेहमीची चूक. सहलीआधी आठवडाभर तो कॉलेजात वापरावा. वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या जोडावरही विसंबू नये; न वापरताही त्याच्या तळातील फोम दमट हवेने कुजतो आणि ऐन डोंगरात तळ सुटून येतो.

खिशात एकाच जोडाचे पैसे असतील तर तो चालण्याचा घ्यावा. चढाईचे बूट मित्राकडून मागून आणता येतात; मुरगळलेल्या पायाचे दुखणे मात्र ज्याचे त्यालाच सोसावे लागते.