नवशिक्याने कोणते लिनक्स घ्यावे?

गुरुजी, तुमच्या शाळेत कापडाखाली झाकून ठेवलेला एखादा जुना संगणक असेलच. त्यातल्या विंडोज १० ला मिळणारी नेहमीची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ चढत नाही. अशा वेळी कोणीतरी सांगतो, "लिनक्स टाका, फुकट आहे." सल्ला चांगला आहे. पण कोणते लिनक्स?

कारण लिनक्स ही एकच वस्तू नव्हे, बरं का! १९९१ साली हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स याने संगणक चालविणाऱ्या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा म्हणून खुला केला. त्याभोवती निरनिराळ्या मंडळींनी आपापले संच बांधले: डेबियन, फेडोरा, उबंटू, मिंट, आर्च. जोंधळा एकच, पण कुणी तयार भाकरी वाढतो, कुणी नुसते पीठ हाती देतो. आर्च म्हणजे पीठ. तिथे बहुतेक जोडणी आज्ञा टंकून आपणच करायची. हौशी माणसाला यातून पुष्कळ शिकता येते. पण सोमवारी सकाळी वर्ग भरलेला आणि पडदा काळा, मग काय करणार? यंत्र पुन्हा कापडाखाली.

म्हणून मला विचाराल तर नवशिक्याने मिंट घ्यावे. खाली पट्टी, कोपऱ्यात कार्यक्रमांची यादी. विंडोज हाताळलेला माणूस बावरत नाही. ते उबंटूवर बेतलेले असल्याने अडचणींची उत्तरेही सापडतात. स्मृती २ जीबी असली तरी चालते, ४ असल्यास बरे. यंत्र फारच थकलेले असेल, तर मिंटचाच एक्सएफसीई हा हलका प्रकार घ्यावा.

मात्र लगेच जुने पुसू नका. प्रणाली पेनड्राइव्हवर उतरवून यंत्र त्यावरूनच सुरू करता येते. काम जरा सावकाश होते, आणि बंद केल्यावर केलेले बदल सहसा राहत नाहीत. पण परीक्षा होते. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, आणि मुख्य म्हणजे मराठी टंकता येते का, हे पाहा. कचेरीला लागणारे एखादे सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी असेल तर ते इथे चालेलच असे नाही. तो संगणक वेगळाच ठेवा.

सारे जमले तर मग प्रणाली कायमची बसवा. त्या वेळी संपूर्ण डिस्क पुसण्याचा पर्याय समोर येतो. त्याआधी मुलांची निकालपत्रके दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या, आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडतात ना, हे स्वतः पाहा.