ब्रेडचा कडेचा स्लाइस खावा की टाकावा? कोकणातल्या दमट हवेत नेमकी काळजी कशाची घ्यायची?

ब्रेडचे पाकीट उघडले की वरचा जाड, तपकिरी स्लाइस बाजूला सरकवायचा आणि दुसऱ्यापासून सुरुवात करायची, ही सवय अनेक घरांत असते. शेवटी पाकिटात दोन्ही टोकांचे स्लाइस तेवढे उरतात आणि कचऱ्यात जातात. कोणी म्हणते, या स्लाइसमध्ये सगळे सत्त्व असते. कोणी म्हणते, त्याला हात लागलेले असतात, तो खाऊच नये. यातले खरे काय? आणि रत्नागिरीसारख्या, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या ठिकाणी हा प्रश्न थोडा वेगळा का ठरतो?

कडेचा स्लाइस म्हणजे नेमके काय?

तो वेगळ्या पिठाचा नसतो. साचा भट्टीत गेला की ब्रेडच्या आतल्या भागाचे तापमान पाण्यामुळे १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. बाहेरचा पृष्ठभाग मात्र कोरडा पडतो आणि बराच जास्त तापतो. साधारण १४० अंशांच्या पुढे पिठातली साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्ले यांच्यात वेगाने अभिक्रिया होते. तिला ‘मेलार्ड अभिक्रिया’ म्हणतात. तपकिरी रंग आणि खमंग वास तिच्यातून येतो. भाकरीला पडणारे डाग किंवा भाताच्या तळाची खरपुडी यांची चवही याच जातीची. खरपुडीसाठी घरात भांडणे होतात, ब्रेडची कड मात्र टाकली जाते. फरक चवीच्या सवयीचा आहे.

हा प्रश्न फार जुनाही नाही. यंत्राने कापलेला ब्रेड प्रथम ७ जुलै १९२८ रोजी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात विक्रीला आला. भारतात १९६५ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी ‘मॉडर्न बेकरीज’ने पाकीटबंद ब्रेड घरोघरी नेला. कोकणातल्या बेकऱ्यांच्या लादी पावाला कडेचा स्लाइसच नसतो, त्यामुळे तिथे हा वाद उद्भवत नाही.

कडेत जास्त पोषण असते का?

थोडे तथ्य आहे, पण फार नाही. २००२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना ब्रेडच्या कडेत ‘प्रोनिल-लायसिन’ नावाचे अँटिऑक्सिडंट आढळले. त्याचे प्रमाण आतल्या भागापेक्षा आठपटीपर्यंत जास्त होते. मात्र त्यामुळे कड औषधी ठरत नाही. त्याच अभिक्रियेत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल काही प्रमाणात खर्ची पडते. मैद्याच्या ब्रेडची कडही मैद्याचीच असते. फायबर हवे असेल तर गव्हाच्या पिठाचा ब्रेड निवडावा लागतो, कड खाऊन ते भरून निघत नाही.

मग कड घातक आहे का?

पिष्टमय पदार्थ जास्त तापमानाला भाजले की ‘अ‍ॅक्रिलामाइड’ तयार होते आणि ब्रेडमध्ये ते मुख्यतः कडेतच असते. पण प्रमाण पाहा. युरोपीय संघाच्या २०१७ च्या नियमात गव्हाच्या मऊ ब्रेडसाठी मापदंड किलोमागे ५० मायक्रोग्रॅम आहे, तर बटाट्याच्या वेफर्ससाठी ७५०. त्यामुळे कड टाकून वेफर्स खाणाऱ्याने फारसे काही साधलेले नसते. टोस्ट सोनेरी होईपर्यंतच भाजावा, काळा करू नये, एवढे पुरे.

खरा धोका : बुरशी

भट्टीच्या उष्णतेत बुरशीचे बीजाणू मरतात. ते परत येतात ते ब्रेड थंड होताना, कापताना, पाकिटात भरताना आणि नंतर आपल्या हातांतून. जूनपासून सप्टेंबरपर्यंत रत्नागिरीची हवा इतकी दमट असते की पाकीट उघडताच ओलावा आत शिरतो. कडेचा पृष्ठभाग सुरुवातीला कोरडा असल्याने तिथे बुरशी सहज धरत नाही. पण बंद पाकिटात आतला ओलावा हळूहळू कडेकडे सरकतो, ती मऊ आणि चिवट होते आणि हे संरक्षण संपते.

इथेच मोठी चूक होते. कडेच्या स्लाइसवर हिरवा ठिपका दिसला की तेवढा एक टाकून बाकीचा ब्रेड चहाबरोबर खाल्ला जातो. ब्रेड सच्छिद्र असतो. बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसण्याआधीच आत पसरलेले असतात आणि बीजाणू शेजारच्या स्लाइसवर पडलेले असतात. म्हणून एका स्लाइसवर बुरशी दिसली तर सगळे पाकीट टाकावे. भाजूनही उपयोग नाही. बुरशी मरेल, पण काही बुरशींनी सोडलेली विषारी द्रव्ये तव्याच्या उष्णतेला दाद देत नाहीत. पाकिटाला नाक लावून वासही घेऊ नये, विशेषतः दमा किंवा अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी. असा ब्रेड गाई-म्हशींपुढेही टाकू नये.

बुरशी दिसत नसली तरी ब्रेडला गोडसर, पिकल्या फळासारखा वास येत असेल आणि तोडताना आत चिकट तार सुटत असेल, तर तोही फेकावा. उष्ण-दमट हवेत बॅसिलस जातीच्या जिवाणूंमुळे असे होते.

पावसाळ्यात ब्रेड कसा ठेवावा?

- दोन दिवसांत संपेल एवढाच ब्रेड आणावा. पाकिटावरची तारीख पाहावी, पण पाकीट उघडल्यावर तिच्यावर विसंबू नये.
- कडेचे स्लाइस टोकांना तसेच ठेवावेत. ते मधल्या स्लाइसना सुकण्यापासून वाचवतात.
- फ्रिजमध्ये बुरशी मंदावते, पण स्टार्चचे कण पुन्हा घट्ट बसतात आणि ब्रेड लवकर शिळा, कडक लागतो. गरम केला की तो बराच मऊ होतो.
- जास्त दिवस ठेवायचा असेल तर फ्रीझर उत्तम. लागतील तेवढेच स्लाइस काढून थेट तव्यावर टाकावेत.

टाकायचा नसेल तर?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतीय घरांत माणशी वर्षाला अंदाजे ५५ किलो अन्न वाया जाते. कडेचे स्लाइस हा त्यातला छोटा, पण सहज वाचवता येणारा भाग. लंडनमध्ये २०१६ पासून एक कंपनी सँडविच उद्योगात उरणाऱ्या अशा तुकड्यांपासून बिअर बनवते.

आपल्याकडे त्याहून सोपे मार्ग आहेत. कड तव्यावर कोरडी भाजून मिक्सरमधून काढली की कटलेटवर लावायला चुरा तयार होतो. पाण्यात बुडवून पिळलेला स्लाइस पॅटिसचे सारण बांधून ठेवतो. फोडणीत परतला की ब्रेडचा उपमा होतो.

थोडक्यात, स्वच्छ, ताजा कडेचा स्लाइस निःशंकपणे खावा. आणि बुरशी दिसली, तर फक्त कड नव्हे, अख्खे पाकीट टाकावे.