युक्तीकडून रीतीकडे : यामिकीतील गणिताचा प्रवास

सोडवून दाखवलेले उदाहरण समजते, पण त्यात थोडा बदल केला की अडते, ही तक्रार आम्ही इतिहासाचे शिक्षक असूनही वसतिगृहाच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. हीच अडचण एका थोर गणितज्ञानेही मोकळेपणाने नोंदवली आहे. माजी विद्यार्थ्यांना व पालकांना ती कथा ठाऊक व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

१६८७ साली न्यूटन यांचा ‘प्रिन्सिपिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. यामिकी, म्हणजे बल आणि गती यांचे शास्त्र, त्यात भक्कम पायावर उभे राहिले. परंतु मांडणी लॅटिन भाषेत आणि मुख्यतः भूमितीच्या आकृत्यांनी केलेली होती. प्रश्न बदलला की आकृतीही नवी आणि युक्तीही नवी. ऑयलर यांनी १७३६ च्या ‘मेकॅनिका’ ग्रंथाच्या प्रस्तावनेत कबूल केले की, अशी उत्तरे वाचून पटतात, पण प्रश्न किंचित बदलला तर तो स्वबळावर सोडवता येत नाही. म्हणून त्यांनी तोच विषय कलनशास्त्राच्या समीकरणांत मांडला.

दालांबेर यांना जन्मतःच पॅरिसच्या एका चर्चच्या पायऱ्यांवर सोडून दिले होते. काचकाम करणाऱ्या एका कारागिराच्या पत्नीने त्यांना वाढवले. त्यांनी १७४३ मध्ये परस्परांशी जोडलेल्या वस्तूंच्या गतीसाठी सर्वसाधारण तत्त्व दिले. त्याच्या आधारे लाग्रांज यांनी १७८८ मध्ये यामिकीवरील असा ग्रंथ सिद्ध केला की, ज्यात एकही आकृती नाही.

दोरीला टांगलेला लंबक घ्या. बलांचा हिशेब मांडताना दोरीचा ताणही धरावा लागतो. लाग्रांज यांच्या रीतीत दोरीचा एक कोन पुरतो. गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करावी आणि ठरलेल्या पायऱ्यांनी गतीचे समीकरण काढावे. लंबकाच्या जागी ग्रह आला तरी पायऱ्या त्याच. १८३४-३५ मध्ये हॅमिल्टन यांनी या रीतीला दिलेले रूप पुढे विसाव्या शतकात अणूच्या अभ्यासातही उपयोगी पडले.

यामुळे न्यूटन यांची थोरवी उणी होत नाही. मात्र युक्ती एकट्याची असते, रीत सर्वांची होते. ज्या घरात पाटी-पुस्तक पहिल्यांदाच आले, तेथे युक्ती सांगणारे वडीलधारे नसतात. तेथील मुलाला रीतच तारते. म्हणून पालकांना आमची विनंती आहे की, उत्तर बरोबर आले का, एवढ्यावर थांबू नये. आकडे बदलले तर करशील का, असेही विचारावे.