कंपवात : गोळी लवकर उतरते तेव्हा

कंपवात म्हणजे हात थरथरणे, एवढीच बहुतेकांची समजूत असते. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या रोगावर निबंध लिहिला, त्याच्या नावातही कंप आहेच. परंतु ज्या घरात हा रोग वर्षानुवर्षे मुक्कामाला आहे, त्या घराला विचारा. थरथरीपेक्षा जास्त छळ होतो तो गोळी मध्येच उतरण्याचा. माझ्या आजोबांना हा रोग जडून नऊ वर्षे झाली. मी कला शाखेची विद्यार्थिनी. डॉक्टरांनी समजावले आणि वाचनात आले, तेवढेच येथे मांडते.

खालापूर तालुक्यातल्या आमच्या गावात बोलले जाते ते असे : "म्हातारा सोंग करतो. सकाळी बांधावर जाऊन येतो आणि दुपारी सुनेने पाणी पाजायचे!" दिसते तसेच, हे मान्य करायला हवे. आठची गोळी घेतली की नऊ वाजता आजोबा स्वतः गुरांना पेंढा टाकतात. अकरा वाजता तेच आजोबा उंबरठ्यापाशी खिळून उभे. पाऊल उचलत नाही, आवाज खोल जातो. बाराची गोळी लागू पडली की पुन्हा चालू लागतात. हे सोंग नव्हे, हा रोगाचाच एक टप्पा आहे, आणि तो पुष्कळ रुग्णांच्या वाट्याला येतो.

मेंदूच्या तळाशी डोपामिन हे द्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. शरीराची हालचाल सुरळीत होते ती त्याच्या जोरावर. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. बाहेरून डोपामिन द्यावे तर ते मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा मात्र शिरते आणि तेथे त्याचे डोपामिन होते. १९६७ साली अमेरिकेत कोत्झियास यांनी लेव्होडोपाची मात्रा सावकाश वाढवत नेऊन रुग्णांना चालते केले. ते वाटेतच खर्ची पडू नये म्हणून गोळीत कार्बिडोपाही घालतात.

मग तीच गोळी पुढे कमी वेळ का पुरते? आमच्याकडे नळाला तासभर पाणी येते. घरात टाकी असली की ते दिवसभर पुरते. टाकी फुटली तर नळ गेला की पाणी गेले. लेव्होडोपा रक्तात फार वेळ टिकत नाही. दीड तासात ते निम्म्यावर येते. सुरुवातीच्या वर्षांत उरलेल्या पेशी टाकीचे काम करतात, म्हणून दिवसाला तीन गोळ्या पुरतात. पेशी संपत आल्या की माणूस सर्वस्वी नळाच्या वेळेवर जगतो. गोळीची सवय झाली किंवा गोळी नकली निघाली, असे लोक म्हणतात, ते खरे नव्हे.

दुसरी अडचण ताटातली. डाळी, मासे, अंडी, दूध यांतील प्रथिने पचली की त्यांचे घटक आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत जाऊ पाहतात. आतड्यात तसेच आणि मेंदूच्या वेशीवरही. गर्दीत गोळी मागे राहते. आमच्या घरी दुपारी वालाचे बिरडे किंवा सुकट असली की बाराची गोळी हमखास उशिरा लागू पडे. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास, आणि बिरडे रात्री, असे डॉक्टरांनी ठरवून दिले. प्रथिने बंद करायची नाहीत, फक्त त्यांची वेळ बदलायची. नाहीतर आधीच वाळलेला माणूस आणखी वाळतो. लोहाची गोळीही या गोळीबरोबर देऊ नये. बद्धकोष्ठ झाले तरी औषध रेंगाळते.

सगळ्यात उपयोगी पडली ती वही. गोळी किती वाजता घेतली, कधी लागू पडली, कधी उतरली, जेवण काय होते, हे मी पंधरा दिवस लिहिले. कर्जतहून लोकलने दोन-सव्वादोन तास बसून मुंबईला जावे आणि डॉक्टरांसमोर आजोबा नेमके ठणठणीत दिसावेत, असे नेहमी होई. वही पाहून डॉक्टरांनी मात्रा लहान करून वेळा वाढवल्या. याशिवाय एन्टाकॅपोनसारखी, लेव्होडोपाला जास्त वेळ टिकवणारी औषधे असतात (त्याने लघवी तांबूस होते, घाबरू नये); काही निवडक रुग्णांवर मेंदूची शस्त्रक्रियाही करतात. परंतु गोळ्या आपल्या मनाने वाढवू नयेत. वाढवल्या तर अंग आपोआप वेडेवाकडे हलू लागते. एकदम बंद करणे तर जिवावर बेतू शकते.

आता खाजकुइलीविषयी. हो, तीच. शेंगेची कुसे बाकावर टाकून मित्राला नाचवायची, ती. आयुर्वेदात तिला कपिकच्छू म्हणतात. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी तिच्या बियांतून लेव्होडोपाच वेगळे काढले होते. त्यामुळे गावातल्या जाणत्यांनी सांगितलेली बियांची पूड थोतांड म्हणता येत नाही. अडचण उलटी आहे : तीत तेच औषध आहे, पण किती, हे बी पाहून कळत नाही. गोळ्यांवर ती चालू केली तर मात्रा न मोजता वाढते. आम्ही डॉक्टरांना विचारले. त्यांनी नको म्हटले, आणि पुडी फळीवर राहिली.

सध्या आजोबांच्या गोळ्या पाच वेळा आहेत, सकाळी सहापासून. दुपारचा खिळून राहण्याचा वेळ तासावरून वीसेक मिनिटांवर आला आहे. पहाटे मात्र कूस बदलायला अजून कोणीतरी लागते.